दहाव्या दिवसाचा कर्नल

१

सोमवारी सकाळी दिव्याच्या अभ्यासिकेतले सगळे संगणक एकदम मुके झाले.

चालू होत होते, पडदे उजळत होते, नाव आणि पासवर्ड विचारणारी निळी चौकटही येत होती. पण कीबोर्ड कितीही बडवला तरी चौकटीत एक अक्षर उमटेना. माऊसचा बाण पडद्याच्या मधोमध खिळा ठोकल्यासारखा उभा. मुलं आधी हसली, मग एकमेकांच्या मशीनकडे धावली आणि शेवटी कोणीतरी जयेशला हाक मारली.

जयेश ठाकूर अभ्यासिकेची देखभाल बघायचा. त्याने एक मशीन बंद करून पुन्हा चालू केलं आणि सुरुवातीला सरसर वर सरकणाऱ्या पांढऱ्या ओळी नीट वाचल्या. कर्नल, म्हणजे संगणक चालवणारा मूळ प्रोग्रॅम, कोणी बांधला आणि कधी, हे त्यातल्या पहिल्याच ओळीत असतं. नाव होतं ही मशीन उभी करून देणाऱ्या दामाजी भोईर यांचं. तारीख वाचून मात्र तो खुर्चीत बसला.

त्या तारखेला दामाजी भोईर जाऊन दहा दिवस झाले होते.

त्यांच्या मुलीला, समिधाला, हे कळलं ते ठाण्याच्या न्यायालयात, जेवणाच्या सुट्टीत. ती तिथे अनुवादक होती. साक्षीदार मराठीत जे बोलतील ते इंग्रजीत न्यायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, हे तिचं रोजचं काम. फोन भिवाशेट म्हात्र्यांचा होता. अभ्यासिका चालवणाऱ्या मंडळाचे ते अध्यक्ष आणि दामाजींचे बालमित्र.

"तुझ्या बापाच्या नावावर कोनीतरी खेल केलाय गो पोरी. मेलेल्या मानसाची सही!"

"कोणी, भिवाकाका?"

"पासवर्ड दोगांनाच ठाव. एक वर गेला. दुसरा जयेश. परवा संध्याकाळी मंडळाची बैठक हाय. तिथनं उठून मी सरळ पोलिसांत जानार."

समिधाने डबा न उघडताच बंद केला. जयेशची खोपटच्या एसटी आगारात निवड झाली होती. चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी होती. अशा वेळी पोलिसांत साधा अर्ज गेला तरी ती नोकरी हातची गेली असती. आणि ज्याने तिच्या कॅनडातल्या भावाच्या जागी बाबांच्या क्रियेला बसून डोकं भादरून घेतलं होतं, तो हाच मुलगा होता.

२

दामाजी भोईर टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि लोकांनी टाकून दिलेले संगणक गोळा करू लागले. नव्या प्रणालीचं ओझं त्या मशीनना झेपत नसे. मग त्यांनी लिनक्सची स्वतःची एक हलकी आवृत्ती बांधली आणि तिचं नाव ठेवलं 'होडी'. ती हलकी राहायची ती कर्नलमुळे. कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा. सगळ्यात आधी जागा होतो तो, आणि कीबोर्ड, माऊस, डिस्क यांची ओळख ठेवतो तोही तोच. बाजारातला कर्नल जगातल्या हजारो वस्तूंची ओळख पोटात घेऊन फिरतो. दामाजी फक्त लागतील तेवढ्या ठेवत. नवा कर्नल ते डोंबिवलीच्या घरातल्या, बाजारातल्याच कर्नलवर चालणाऱ्या मशीनवर बांधत आणि पासवर्ड देऊन इंटरनेटवर ठेवत; दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अभ्यासिकेचं मुख्य मशीन तो तिथून आपणहून उतरवून घेई आणि बाकीच्या मशीनना देई.

मंगळवारी रजा टाकून समिधा दिव्याला गेली. भिवाशेटनी कुलूप काढलं, पण जयेशला पायरीवरच अडवलं.

"तू नाय. ती जाईल."

"शेट, जुना कर्नल परत लावायला अर्धा तास लागेल. मुलांचा खोळंबा होतोय."

"पुरावा पुसायला पन अर्धाच तास लागत असेल."

जयेश पायरीवरून उतरला. तो समोरच्या टपरीवर जाऊन उभा राहिला आणि त्याने समिधाला फोन लावला. ती आत, तो बाहेर, मध्ये रस्ता.

"ताई, तिथले कीबोर्ड बघ. गोल पिनचे आहेत ना, जुने? आता तू येताना स्टेशनजवळून विकत आणलेला चपट्या टोकाचा, यूएसबीवाला लाव."

तिने लावला. कळ दाबली. चौकटीत अक्षर उमटलं.

"चालतोय!"

"म्हणजे कर्नल मेलेला नाही," जयेश म्हणाला. "त्याला फक्त गोल पिन ओळखता येत नाही. ऐक, काका कर्नल बांधायच्या आधी मशीनला सगळं जोडून ठेवायचे. मग त्यालाच विचारायचे, बाबा रे, आत्ता तुझ्याकडे कोण कोण हजर आहे? जे हजर त्यांची आत सोय. गैरहजर त्यांचं नाव गाळायचं. आता काकांच्या मशीनला गोल पिनचा कीबोर्ड कायम लावलेला. मग तो गाळला कसा जाईल?"

"म्हणजे हा बाबांच्या मशीनवर बांधलेला नाही?"

"दुसऱ्याच कुठल्यातरी मशीनवर. तिथे हजर काय होतं ते शोध. दिसेल ते लावून बघ."

कोपऱ्यात एक खोका होता. त्यात प्रिंटरची केबल, स्पीकर आणि एक छोटा कॅमेरा. प्रिंटर चालला नाही, स्पीकरही नाही. कॅमेरा लावला आणि त्याचा हिरवा दिवा पेटला. पडद्यावर समिधाचा चेहरा आला, ओढलेला. आणि मागे भिवाशेटचा.

"हा बघ!" भिवाशेट ओरडले. "कॅमेरा! तुझा बाप म्हनायचा, अभ्यासिकेत पोरी बसतात, माझ्या होडीत कॅमेऱ्याला जागा नाय. आनि याच कॅमेऱ्यावरनं जयेशचा नि त्याचा कडाक्याचा तंटा झाला. आख्ख्या मंडळासमोर. आता बोल."

फोन चालूच होता. जयेशने सगळं ऐकलं होतं.

"तंटा झालेला, ताई," तो म्हणाला. "ते खरंय."

३

"मुलांना ऑनलाइन परीक्षेला कॅमेरा लागतो," जयेश टपरीवर चहाचा ग्लास बोटांत फिरवत म्हणाला. डोक्यावर केसांची खुंटं आली होती. "मी म्हटलं, एका मशीनला तरी देऊया. काका म्हणाले, एकाला दिला की सगळ्यांना येतो. मी पण तापलो. म्हटलं, तुमची होडी तुम्हीच वल्हवा. मग दोन आठवडे बोललो नाही. आणि मग ते हॉस्पिटलातच गेले."

समिधाला त्याला काहीतरी बरं वाटेल असं सांगायचं होतं. ते न सुचून तिने विचारलं, "तुझ्या लॅपटॉपला कॅमेरा आहे?"

"आहे ना. म्हणून तर शेट मला सोडणार नाहीत." मग तो एकदम ताठ बसला. "पण थांब. लॅपटॉपचा आतला कीबोर्ड दिसतो नवा, पण माझ्या मॉडेलमध्ये तो आतून त्याच जुन्या गोल पिनवाल्या पद्धतीने बोलतो. माझ्या लॅपटॉपवर बांधला असता, तर हजेरीत तो लागलाच असता. म्हणजे अभ्यासिकेतले कीबोर्डही चालले असते."

"हे तू म्हणतोस."

"मी म्हणतो म्हणून कोण ऐकतंय? लावून बघ."

त्याने इंटरनेटवरून पेनड्राइव्हवर तो कर्नल उतरवला आणि लॅपटॉप त्यावर चालू केला. निळी चौकट आली. समिधाने लॅपटॉपच्या कळा दाबल्या, मग जोरात दाबल्या. काही नाही. जयेशचा लॅपटॉप स्वतःच्याच कीबोर्डला ओळखत नव्हता.

ती इतक्या मोठ्याने "सुटलास!" म्हणाली की टपरीवाल्याने वळून पाहिलं.

"अजून नाही," जयेश म्हणाला. "शेट म्हणतील, मित्राच्या मशीनवर बांधला. कोणी बांधला ते सापडायला पाहिजे."

कॅमेऱ्याचा खोका अभ्यासिकेत आला होता खोपटहून, हर्षितच्या दुकानातून. एसटी डेपोच्या मागे त्याचं संगणकाचं आणि कॅमेऱ्यांचं दुकान होतं. जुनी मशीन काढून टाका, नवी माझ्याकडून घ्या, हा प्रस्ताव त्याने मंडळासमोर दोनदा ठेवला होता आणि दोन्ही वेळा दामाजींनी तो हाणून पाडला होता.

"या, या, मॅडम," हर्षित म्हणाला. "काकांचं ऐकून लई वाईट वाटलं. भांडायचे, पण माणूस सोना." पेनड्राइव्ह बघून तो हसला. "माझ्यावर डाउट? अरे, मला विंडोज टाकता येतं, गेम टाकता येतो. कर्नल बांधायला डोकं लागतं, ते असतं तर मी दुकान काढलं असतं का? घ्या, हे माझं मशीन. बिनधास्त लावा."

कॅमेरा चालला. कीबोर्ड चालला. समिधा खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकली. पण जयेशने दोन-तीन आज्ञा दिल्या आणि मान हलवली. "याची डिस्क नव्या पद्धतीची आहे. या कर्नलला ती दिसतच नाही. ज्या मशीनची डिस्क दिसत नाही, त्या मशीनवर बसून तो बांधणार कसा?"

"बघा!" हर्षित म्हणाला. मग जरा आवाज उतरवून, "एक सांगू? राग नका मानू. हे काकांनीच ठेवलं असेल. जायच्या आधी. टायमर लावून. मंडळ आपली मशीन भंगारात काढणार, हे त्यांना कळलेलं. माणूस दुखावला की करतो."

समिधा रिक्षात येऊन बसली. जयेशच्या डोक्यावरचं ओझं उतरत होतं, ते आता बाबांच्या डोक्यावर येऊन बसत होतं. शेवटचे पंधरा दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. त्या वेळी त्यांच्या मनात काय चाललं होतं, हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं.

४

बुधवारी दुपारी घरी फक्त आत्या होती. सखुबाई, बाबांची थोरली बहीण, बाबा गेल्यापासून इथेच मुक्कामाला. आई देवळात गेली होती. समिधाने आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिच्या जिवाला आणखी घोर नको म्हणून.

"आत्या, दहाव्याला आम्ही सगळे खाडीवर गेलो होतो, तेव्हा घरी कोण होतं?"

"मी नि तुजी आय. मी ओट्याशी. भात, वरन, त्याच्या आवडीची निवटी मासली करायची नवती सुतकात, तरी केली. कावल्याला घालाया नको?" आत्याने पदराने डोळे पुसले. "सुदेशन पन घरचा बगला ना समदा, क्यानडातनं. शेजारची दिशा येऊन त्यो डोला लावून गेली व्हती त्या मशीनला."

"कोणता डोळा?"

"फोटो काढतो नाय त्यो. मंग दुपारी काढून नेलान."

समिधा उठून उभी राहिली. तिच्या भावाने दहावं फोनवर पाहिलं, असंच ती समजत होती. कॅमेरा. या घरात, त्या मशीनला, त्या एकाच सकाळी.

पण मग कीबोर्ड? बाबांच्या मशीनला गोल पिनचा कीबोर्ड कायम लावलेला. ती बाबांच्या टेबलाकडे गेली. टेबल लख्ख पुसलेलं. मागे लोंबणारं वायरींचं जंजाळ गायब. सगळ्या वस्तू खोक्यात. वर एक पांढरा, चपट्या टोकाचा कीबोर्ड, जो तिने कधी पाहिला नव्हता.

तिने मान वळवली. हॉलच्या कोपऱ्यात चौरंगावर बाबांचा हार घातलेला फोटो. फोटोपुढे त्यांचा चष्मा, घड्याळ आणि त्यांचा जुना कीबोर्ड, कळांवरची अक्षरं पुसलेला, वर झेंडूचं एक सुकलेलं फूल. त्याची गोल पिन चौरंगाच्या कडेवरून खाली लोंबत होती. बाजूला माऊस. गेल्याची आवडती वस्तू दहाव्याला फोटोपुढे मांडतात. ती रोज तिथे दिवा लावत होती आणि रोज तो कीबोर्ड पाहत होती.

ती जमिनीवरच बसली आणि साक्ष तपासावी तसं एकेक वाक्य मनात मांडत गेली.

कर्नल याच मशीनवर बांधला. जुना कीबोर्ड फोटोपुढे होता, म्हणून तो हजेरीत लागला नाही. कॅमेरा मशीनला होता, म्हणून लागला. आणि कॅमेरा इथे फक्त दहाव्याच्या सकाळी होता. म्हणजे पहिल्या ओळीतली ती तारीख, जी सगळ्यांनी खोटी ठरवली, ती खरी होती.

त्या सकाळी जयेश कुठे होता? धोतर नेसून खाडीत, छातीभर पाण्यात. आणि त्याचा हात धरून शेजारी कोण उभं होतं? भिवाशेट म्हात्रे. ज्याने आरोप केला, तोच त्याचा साक्षीदार.

जयेश पुरता सुटला होता. पण उरलेल्या दोन शक्यता तिच्यासमोर येऊन बसल्या. बाबांनी लावून ठेवलेला टायमर. किंवा त्या सकाळी ओट्याशी नसलेलं माणूस.

दाराची कडी वाजली. आई आली होती.

५

"आई, दहाव्याच्या दिवशी बाबांचं मशीन तू चालू केलं होतंस?"

मालूताई चपला काढत होत्या. त्या तशाच, एक पाय चपलेत, उभ्या राहिल्या. आधी त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, आत्या आत आहे का ते.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "हो."

"कशाला?"

"महिन्याचा पहिला रविवार जवळ आला होता. ते म्हणायचे, मुलांना शिळं द्यायचं नाही. त्यांचा हात थरथरायला लागला ना, तेव्हापासून ते सांगायचे नि मी टाइप करायची. तुला कुठे ठाऊक, तू ठाण्याला असायचीस." त्या भिंतीला टेकल्या. "हॉस्पिटलात म्हणाले, मालू, पुढचा एवढा देशील ना? म्हटलं, देईन. मग घर माणसांनी भरलं. सगळे खाडीवर गेले तेवढाच काय तो एकांत. वन्संना कळलं असतं तर म्हणाल्या असत्या, सुतकात नवऱ्याच्या मशीनशी खेळते. त्यांचा कीबोर्ड मी पहाटेच फोटोपुढे ठेवला होता. तो कसा उचलणार? मग खोक्यातला पांढरा काढला."

"आणि बाकीच्या वायरी?"

"माणसं यायची होती. टेबल किती घाण दिसत होतं. आवरलं सगळं." मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. "का गं? काही बिघडलं का?"

समिधा सांगत गेली. बारा मुके संगणक, जयेश, पोलीस, टायमर. बाबांच्या मशीनला सगळं कायम जोडलेलंच असे; म्हणून, आधी सगळं जोड, हे सांगायचं त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. आईला आज्ञा सगळ्या पाठ होत्या. तिने त्या एकही चूक न करता दिल्या होत्या.

"म्हणजे मी मोडलं," मालूताई म्हणाल्या.

"तू पाळलंस, आई. फक्त त्याआधी टेबल आवरलंस."

आईने पदर तोंडाला लावला, आणि समिधाला वाटलं आता ती रडणार. पण तिचे खांदे हलू लागले ते वेगळ्याच कारणाने. "मेला, आयुष्यभर ओरडायचा," ती हसता हसता म्हणाली, "टेबलाला हात लावू नकोस, टेबलाला हात लावू नकोस म्हणून!"

"काय झाला?" आत्या दारात उभी होती, हातात झारा.

मालूताईंचं हसू थांबलं. त्यांनी एकदा समिधाकडे पाहिलं, आणि सांगून टाकलं. सुतकासकट.

आत्याने झारा पदराला पुसला. मग म्हणाली, "त्याचाच काम केलास ना? मंग मना कनाला चोरलास? मी काय वाघीन हाय?"

संध्याकाळी मंडळाच्या बैठकीला भिवाशेटनी अर्ज वाचायला चष्मा लावला, तेव्हा मालूताई उभ्या राहिल्या. पांढरी साडी, हातात पिशवी. समिधा मागच्या खुर्चीत, जयेश टेबलाच्या टोकाला. बोलायचं कोणी, यावर रिक्षात वाद झाला होता आणि आई जिंकली होती.

"भिवाभावजी, तो कर्नल मी बांधला. पोलिसांत द्यायचं तर मला द्या."

भिवाशेटनी हातातला अर्ज खाली ठेवला.

"वैनी, तुमी?"

"त्यांच्या नावाने मशीन चालू केलं म्हणून त्यांचं नाव लागलं. सही कोणी चोरलेली नाही." मग समिधाने पुढचं सांगितलं, कॅमेरा, कीबोर्ड, फोटो, आणि शेवटी विचारलं, "भिवाकाका, त्या सकाळी जयेश कुठे होता?"

भिवाशेटनी जयेशच्या भादरलेल्या डोक्याकडे पाहिलं. "माझ्या हाताला होता," ते हळूच म्हणाले. "थंडीनं कापत होता पोरगा." त्यांनी चष्मा काढला, खिशातून अभ्यासिकेच्या चाव्या काढल्या आणि टेबलावरून जयेशकडे सरकवल्या. "घे. माफी-बिफी मना मागता येत नाय."

"राहू दे, शेट. चहा सांगा."

"सांगतो. सगल्यांना सांगतो! आनि तो हर्षित परत मशीन विकायला आला तर त्याला वैनींकडे पाठवा."

बैठक हसण्यातच मोडली.

डोंबिवलीला घरी पोचल्यावर जयेशने खोका उपसला. आईने फोटोला नमस्कार केला, चौरंगावरचा कीबोर्ड पदराने पुसला आणि स्वतः मशीनला जोडला. मग माऊस, स्पीकर, प्रिंटरची केबल, एकेक. टेबल पुन्हा पहिल्यासारखं गबाळं झालं. जयेश अभ्यासिकेतून आणलेला कॅमेरा हातात घेऊन घुटमळला.

"परीक्षेपुरता, एका मशीनला?" आईने विचारलं.

"काका नको म्हणाले होते."

"माझ्याशी भांड की मग. ते तुला सोडून गेले म्हणून विषय संपत नाही." तिने थोडा विचार केला. "परीक्षेच्या मशीनसाठी वेगळा बांधूया. उद्या. आज हा."

जयेशने कॅमेरा बाजूला ठेवला, खुर्ची ओढली आणि उभाच राहिला. "बसा, काकू. तुम्हीच."

आईने आज्ञा टाइप केल्या, मनात पुटपुटत, कुठेही न अडखळता. पडद्यावर ओळी धावू लागल्या. आता तासभर वाट पाहायची होती.

"जेवण काय करू?" आईने विचारलं. "सकाळचा भात आहे, तोच..."

"नको," समिधा म्हणाली. बाबा गेल्यापासून ती ताटात वाढलं तेवढं कर्तव्य म्हणून संपवत होती. आता पोटात खड्डा पडला होता. "तांदळाची भाकरी कर. गरम. आणि आत्याला म्हणावं, कालवण तिखट कर. मला सडकून भूक लागलीये."

"मला पण," जयेश म्हणाला.

स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला, "मंग दोगंबी इकडं या! कांदा कोन चिरनार, तुमचा कर्नल?"